संघटनांतर्गत भ्रष्टाचार-प्रतिबंधाचे व्यावसायिक प्रशिक्षण : एक चिकित्सा

प्रस्तावना

भ्रष्टाचार आणि आर्थिक गुन्हे यांचा विचार मराठीत बहुधा दोन अंगांनी झालेला आढळतो. एक अंग नैतिक आहे. त्यात व्यक्तीच्या लोभाची मीमांसा होते आणि संस्कारांच्या ऱ्हासाबद्दल खेद व्यक्त होतो. दुसरे अंग कायद्याचे आहे. त्यात कलमे, शिक्षा आणि खटल्यांची दिरंगाई यांची चर्चा होते. या दोहोंच्या मधे गेल्या दोन-तीन दशकांत एक तिसरे क्षेत्र उभे राहिले आहे. ते म्हणजे संघटनेतील कर्मचाऱ्यांना व अधिकाऱ्यांना दिले जाणारे प्रतिबंधक प्रशिक्षण. बँका, विमा कंपन्या, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि सहकारी संस्था या सर्वांमध्ये असे प्रशिक्षण आता नित्याचे झाले आहे. त्यासाठी प्रमाणपत्र परीक्षा, व्यावसायिक संघटना, अभ्याससाहित्य आणि प्रशिक्षकांचा स्वतंत्र वर्ग निर्माण झाला आहे. वाणिज्य शाखेच्या पदवीधरांसाठी हा रोजगाराचाही मार्ग बनला आहे.

असे असूनही या प्रशिक्षणाची चिकित्सा फारशी झालेली नाही. ‘प्रशिक्षण अपुरे आहे, ते वाढवावे’ ही शिफारस जवळजवळ प्रत्येक घोटाळ्यानंतर केली जाते. परंतु या प्रशिक्षणात नेमके काय शिकविले जाते, कोणाला शिकविले जाते आणि त्याचा लाभ अखेर कोणाला होतो, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांच्या आधारे या प्रशिक्षणाच्या गृहीतकांची तपासणी केली आहे. त्यासाठी मुख्यतः भारतीय बँकिंग क्षेत्रातील, विशेषतः मुंबईतील, दोन सर्वज्ञात प्रकरणांचा आधार घेतला आहे.

प्रशिक्षणाची निकड कोठून आली?

संघटनेतील अपहाराचा विचार भारतात नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजकोशातील अपहाराचे चाळीस प्रकार सांगितले आहेत. प्रा. र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेल्या मुंबई विद्यापीठाच्या चिकित्सक आवृत्तीमुळे हा ग्रंथ आधुनिक अभ्यासकांना विश्वसनीय रूपात उपलब्ध झाला. या ग्रंथात अधिकाऱ्याला सदाचाराचे पाठ देण्यापेक्षा व्यवस्थेच्या रचनेवर भर आहे. एका खात्यावर अनेक प्रमुख असावेत आणि त्यांची नेमणूक कायमची नसावी, असे तेथे सुचविले आहे. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

स्वतंत्र भारतात या प्रश्नाचा संस्थात्मक विचार संथानम समितीपासून सुरू झाला. १९६२ साली नेमलेल्या या समितीच्या शिफारशींनुसार १९६४ साली केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला. २००३ च्या अधिनियमाने त्याला वैधानिक दर्जा मिळाला. सरदार वल्लभभाई पटेल यांच्या जयंतीच्या सुमारास दरवर्षी साजरा होणारा दक्षता जागरूकता सप्ताह, त्यातील सामूहिक प्रतिज्ञा, निबंधस्पर्धा आणि व्याख्याने ही या परंपरेची परिचित रूपे होत.

व्यावसायिक प्रशिक्षणाला आज आलेले महत्त्व मात्र या परंपरेतून आलेले नाही. ते कायद्याच्या एका विशिष्ट रचनेतून आले आहे. अमेरिकेने १९७७ साली परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्यास मनाई करणारा कायदा केला. २००८ साली सीमेन्स या जर्मन कंपनीने अमेरिका व जर्मनी येथील यंत्रणांशी केलेल्या तडजोडींची रक्कम सुमारे १६० कोटी डॉलर होती. त्यानंतर जगभरातील कंपन्यांना या विषयाची धास्ती वाटू लागली. ब्रिटनचा २०१० चा लाचप्रतिबंधक कायदा १ जुलै २०११ पासून अमलात आला. त्याच्या सातव्या कलमाने ‘लाच रोखण्यात अपयश’ हा व्यापारी संघटनेचा स्वतंत्र गुन्हा ठरविला. मात्र लाच रोखण्यासाठी आपण पुरेशी कार्यपद्धती अवलंबिली होती, असे संघटनेने सिद्ध केल्यास तिला बचाव मिळतो. ब्रिटिश शासनाने या कार्यपद्धतीची जी सहा तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांपैकी एकात प्रशिक्षणाचा समावेश आहे. भारतात भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ मध्ये २०१८ साली दुरुस्ती झाली. त्यातील कलम ९ ची रचना याच धर्तीची आहे. लोकसेवकाला दिलेल्या लाचेबद्दल व्यापारी संघटना स्वतः दोषी ठरू शकते. पुरेशा कार्यपद्धतीचा पुरावा हा तिचा बचाव असतो.

म्हणजेच प्रशिक्षणाला कायद्यात जे स्थान मिळाले ते बचावाचे साधन म्हणून मिळाले. हजेरीपत्रक, चाचणीतील गुण आणि सहीनिशी दिलेले घोषणापत्र ही सारी पुराव्याची कागदपत्रे ठरली. ही बाब प्रशिक्षणाच्या एकूण स्वरूपावर परिणाम करणारी आहे.

ढाल कोणाची?

या परिणामाचे सर्वांत बोलके उदाहरण मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकी वित्तसंस्थेचे आहे. या संस्थेच्या चीनमधील स्थावर मालमत्ता व्यवसायातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याने अंतर्गत नियंत्रणे चुकविण्याच्या कटाचा गुन्हा २०१२ साली कबूल केला. त्याला कारावासाची शिक्षा झाली. संस्थेवर मात्र अमेरिकी न्याय विभागाने कारवाई केली नाही. तसे न करण्याची जी कारणे विभागाने जाहीर केली, त्यांत एक तपशील होता. २००२ ते २००८ या काळात संस्थेने या अधिकाऱ्याला लाचप्रतिबंधक कायद्याचे प्रशिक्षण सात वेळा दिले होते आणि कायदा पाळण्याची आठवण किमान पस्तीस वेळा करून दिली होती.

या आकड्यांकडे दोन प्रकारे पाहता येते. अनुपालन व्यवसायाने त्यांचा अर्थ असा लावला की, प्रशिक्षण संस्थेला वाचविते. तो अर्थ चुकीचा नाही. परंतु याच आकड्यांचा दुसरा अर्थही तितकाच सरळ आहे. सात प्रशिक्षणे आणि पस्तीस स्मरणपत्रे यांनंतरही गुन्हा घडला. प्रशिक्षणाने गुन्हा थांबविला नाही. गुन्ह्याची जबाबदारी संस्थेकडून व्यक्तीकडे सरकविण्याचे काम मात्र चोख केले.

सदर प्रकरणात तसे होणे न्याय्यच होते, असे मानण्यास हरकत नाही. अन्यत्र तेच साधन वेगळे काम करू शकते. ज्या संस्थेत वरिष्ठांच्या तोंडी आदेशावरून कामे होतात, तेथे खालच्या कर्मचाऱ्याच्या सहीचे घोषणापत्र हे त्याच्याच विरुद्धचा दस्तऐवज बनते. ‘तुला नियम माहीत होता, तू प्रशिक्षण घेतले होतेस’ असे त्याला सांगता येते. आदेश देणाऱ्याची सही कोठेच नसते. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची सोय प्रशिक्षणाच्या कागदपत्रांतून अशी नकळत होऊन जाते.

प्रशिक्षणाच्या आशयातील माणूस

आता आशयाकडे वळू. आर्थिक गुन्ह्यांच्या प्रतिबंधाचे बहुतेक अभ्यासक्रम ‘फसवणुकीचा त्रिकोण’ या संकल्पनेपासून सुरू होतात. दबाव, संधी आणि समर्थन या तीन बाजू एकत्र आल्या की विश्वासातील माणूस अपहार करतो, असे हे सूत्र आहे. त्याचे मूळ अमेरिकी अपराधशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांच्या १९५३ सालच्या अभ्यासात आहे. क्रेसी यांनी तुरुंगातील अपहारकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. ज्याची अडचण कोणापुढे मांडता येत नाही, असा माणूस हाताशी असलेल्या पैशांना ‘तात्पुरती उसनवारी’ समजून हात घालतो, असे त्यांना आढळले.

हा अभ्यास मोलाचा आहे, यात शंका नाही. परंतु त्याचा विषय एकटा माणूस होता. कर्जात बुडालेला रोखपाल, व्यसनात सापडलेला हिशेबनीस, आजारपणाने खचलेला लिपिक, अशा माणसांना तो लागू पडतो. त्रिकोणाच्या आधारे शिकविणारा प्रशिक्षक साहजिकच प्रशिक्षणार्थींना अशाच माणसाच्या शोधात पाठवितो. पगारापेक्षा उंची राहणी, रजा न घेण्याची सवय, विशिष्ट ग्राहकाशी अति जवळीक ही लक्षणे तक्त्यात मांडून शिकविली जातात.

गेल्या दोन दशकांतील मोठी प्रकरणे मात्र या चित्रात बसत नाहीत. सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी दिलेल्या पत्रात हजारो कोटी रुपयांची रोकड केवळ कागदावर असल्याचे मान्य केले. त्यात एखाद्या एकाकी, विवंचनाग्रस्त कर्मचाऱ्याची कथा नव्हती. आदल्याच वर्षी या कंपनीला सुशासनाबद्दल गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळालेला होता. कागदावर सारे काही होते. नियमावली होती, लेखापरीक्षक होते, स्वतंत्र संचालक होते. गुन्हा मात्र सर्वोच्च खुर्चीवरून चालला होता.

विशेष म्हणजे क्रेसी यांचे गुरू एडविन सदरलँड यांनी या सामूहिक बाजूकडे आधीच लक्ष वेधले होते. ‘पांढरपेशी गुन्हेगारी’ ही संज्ञा त्यांनी १९३९ साली समाजशास्त्रज्ञांच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषणात मांडली. त्यांचा सिद्धान्त असा की, गुन्हेगारी वर्तन हे शिकले जाते. निकटच्या गटात वावरताना माणूस गुन्ह्याचे तंत्र शिकतो आणि त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे गुन्ह्याचे समर्थनही शिकतो. प्रशिक्षण-साहित्याने शिष्याचा त्रिकोण उचलला, गुरूचा सिद्धान्त मागे ठेवला. याचे कारण उघड आहे. त्रिकोण संशयाची सुई व्यक्तीकडे वळवितो. सदरलँड यांचा सिद्धान्त ती संघटनेकडे वळवितो, आणि प्रशिक्षणाचे मानधन तर संघटनाच देत असते.

लेखी आणि अलेखी प्रशिक्षण

सदरलँड यांचा विचार स्वीकारला, तर प्रत्येक संघटनेत दोन प्रशिक्षणे एकाच वेळी चालू असतात असे म्हणावे लागते. पहिले लेखी असते. त्याचे परिपत्रक निघते, वेळापत्रक असते, शेवटी प्रमाणपत्र मिळते. दुसरे अलेखी असते. ते टेबलाशेजारी, चहाच्या वेळी, वर्षअखेरीच्या धावपळीत दिले जाते. ‘हे खाते साहेबांच्या माहितीतले आहे.’ ‘वरून फोन आला आहे, कागद नंतर येतील.’ ‘तपासणीच्या आधी एवढे मागे-पुढे करून ठेव.’ नवा कर्मचारी या वाक्यांतून संघटनेचा खरा अभ्यासक्रम शिकतो. त्याची परीक्षाही रोज होते आणि तिचा निकाल बढती, बदली व गोपनीय अहवालातून कळतो.

या दोन प्रशिक्षणांत विरोध असेल, तर विजय कोणाचा होतो हे सांगण्यास संशोधनाची गरज नाही. वर्षातून एक दिवसाचे व्याख्यान हे उरलेल्या कामकाजाच्या दिवसांतील अनुभवापुढे टिकत नाही. उलट ते त्या अनुभवाला एक प्रकारची झाकणी पुरविते. प्रशिक्षणात जे सांगितले जाते ते ‘सांगण्यापुरते’ असते, हेही कर्मचारी शिकतो. लेखी प्रशिक्षणातील सर्वांत हानिकारक धडा बहुधा हाच असावा.

दोन प्रकरणे

पहिले प्रकरण पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाऊस शाखेचे आहे. २०१८ च्या प्रारंभी उघडकीस आलेल्या या प्रकरणातील रक्कम अखेर तेरा हजार कोटी रुपयांच्या पुढे गेली. हिरे व्यापारातील कंपन्यांच्या नावे ‘लेटर ऑफ अंडरटेकिंग’ म्हणून ओळखली जाणारी हमीपत्रे कोणत्याही मंजूर मर्यादेविना दिली जात होती. त्यांचे संदेश ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय प्रणालीवरून परदेशांतील शाखांना जात होते. ही प्रणाली बँकेच्या कोअर बँकिंग प्रणालीशी जोडलेली नव्हती. त्यामुळे संदेश गेला, परंतु बँकेच्या हिशेबात त्याची नोंद उमटली नाही. रिझर्व्ह बँकेने स्विफ्टच्या संभाव्य गैरवापराबाबत ऑगस्ट २०१६ पासून बँकांना किमान तीनदा सावध केले होते, असे तिने नंतर स्पष्ट केले.

हा प्रकार उघड कसा झाला, हे प्रशिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. संबंधित उपव्यवस्थापक या शाखेत सुमारे सात वर्षे एकाच कामावर होता. २०१७ साली तो निवृत्त झाला. जानेवारी २०१८ मध्ये त्याच कंपन्यांनी पुन्हा हमीपत्रे मागितली, तेव्हा नव्या अधिकाऱ्याने पूर्ण रकमेचे रोख तारण मागितले. पूर्वी असे तारण कधीच द्यावे लागले नव्हते, असे कंपन्यांचे उत्तर आले. अधिकाऱ्याने जुन्या नोंदी पाहिल्या. त्या नव्हत्याच. एक साधा, नियमाला धरून विचारलेला प्रश्न पुरेसा ठरला. तो विचारला गेला याचे कारण खुर्चीवर दुसरा माणूस आला होता.

संवेदनशील पदांवरील अधिकाऱ्यांची ठरावीक काळाने बदली करावी, हा दक्षता व्यवस्थेतील जुना नियम आहे. कौटिल्याने सुचविलेली अनित्यता ती हीच. येथे अज्ञान ही अडचण नव्हती. बदलीचा नियम होता, सावधगिरीची सूचना होती, दोन प्रणाली जोडण्याची आवश्यकता ठाऊक होती. जे ठाऊक होते ते करण्याची जबाबदारी शाखेतील लिपिकाची नसून वरच्या व्यवस्थापनाची होती. या प्रकरणानंतर स्विफ्ट व कोअर बँकिंग यांची जोडणी ३० एप्रिल २०१८ पर्यंत पूर्ण करण्यास बँकांना सांगण्यात आले. वरातीमागून घोडे आले, तरी ते रचनेच्या सुधारणेचे होते, ही त्यातील जमेची बाजू.

दुसरे प्रकरण पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे, म्हणजे पी.एम.सी. बँकेचे आहे. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने या बँकेवर निर्बंध घातले. ठेवीदाराला आपल्याच खात्यातून प्रथम केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा राहिली. बँकेच्या एकूण कर्जांपैकी सुमारे ७३ टक्के, म्हणजे जवळपास साडेसहा हजार कोटी रुपये, एचडीआयएल या एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे अडकल्याचे तेव्हा समोर आले. ही थकीत खाती झाकण्यासाठी २१,०४९ बनावट कर्जखाती दाखविण्यात आली होती.

एकवीस हजार हा आकडा थांबून विचार करावा असा आहे. एवढ्या खात्यांचा बनाव एका रात्रीत किंवा एका हाताने होत नाही. माहिती तयार करणे, ती तक्त्यांत भरणे, तपासणीसाठी सादर करणे या प्रत्येक टप्प्यावर कोणाचे तरी डोळे असतात. त्यांपैकी किती जणांना आपण काय करीत आहोत याची कल्पना होती, हा न्यायालयाचा विषय आहे. परंतु ज्याला शंका आली असेल, त्याने ती कोठे न्यावी याचे उत्तर संघटनेत नव्हते, एवढे निश्चित म्हणता येते. कारण जेथे तक्रार न्यायची तेच स्थान संशयास्पद होते. कुंपणच शेत खात असेल, तर राखणदाराला पिकाची ओळख करून देऊन काय साधणार?

याची किंमत ठेवीदारांनी मोजली. त्यांत निवृत्त नोकरदार होते, लहान व्यापारी होते, गृहनिर्माण संस्था होत्या. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. विमासंरक्षित पाच लाखांपलीकडील ठेवी टप्प्याटप्प्याने परत करण्याची मुदत दहा वर्षांपर्यंत लांबली. साठीच्या माणसाला दहा वर्षांनंतर मिळणारी रक्कम ही कागदावर पूर्ण परतफेड असते, आयुष्यात नसते.

कोणाला शिकवावे?

वरील दोन्ही प्रकरणांत निर्णयाचे केंद्र वर होते. प्रशिक्षणाचा प्रवाह मात्र खाली वाहतो. ग्राहक ओळख आणि अवैध पैसा रोखण्यासंबंधीच्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत कर्मचारी प्रशिक्षण सतत चालू ठेवण्यास सांगितले आहे. आघाडीवरील कर्मचारी, अनुपालन विभाग आणि नव्या ग्राहकांशी संबंध येणारे कर्मचारी यांच्यासाठी प्रशिक्षणाचा भर वेगवेगळा असावा, असेही त्यांत म्हटले आहे. हे योग्यच आहे. तथापि व्यवहारात या निर्देशाचा भार मुख्यतः काउंटरवरील कर्मचाऱ्यावर पडतो. संचालक मंडळासाठी एखादे सत्र होते, तेही सहसा स्वागत, प्रास्ताविक आणि भोजन यांच्या मधे.

महाराष्ट्रातील सहकार क्षेत्रात या बाबतीत कायद्याने एक चांगली वाट दाखविली आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर कलम २४-अ समाविष्ट झाले. त्यानुसार सभासद, अधिकारी आणि कर्मचारी यांच्यासाठी सहकारी शिक्षण व प्रशिक्षण आयोजित करणे हे संस्थेचे कर्तव्य आहे. समितीच्या प्रत्येक सदस्याने असे प्रशिक्षण घ्यावे, ही अपेक्षाही त्यात आहे. निवडून आलेल्या संचालकाला विद्यार्थी मानणारी ही तरतूद तत्त्वतः मोलाची आहे. मात्र तिचा आशय उपविधी, सभांची कार्यपद्धती आणि सहकाराचा इतिहास यांपुरता मर्यादित राहिला, तर तिचे सामर्थ्य वाया जाते. कर्जप्रकरणात नातेसंबंध असताना बैठकीतून उठून का जावे, लेखापरीक्षकाच्या आक्षेपाचे उत्तर स्वतः का वाचावे, चिठ्ठीवरून कर्जमंजुरी देणे म्हणजे कायदेशीरदृष्ट्या काय, हे प्रश्न त्या वर्गात यावयास हवेत.

बोलणाऱ्याची सुरक्षितता

येथे प्रशिक्षणाच्या बाजूनेही काही सांगणे आवश्यक आहे. प्रमाणित फसवणूक परीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार, अभ्यासलेल्या प्रकरणांपैकी ४३ टक्के प्रकरणे कोणीतरी दिलेल्या माहितीमुळे उघड झाली. अंतर्गत लेखापरीक्षणातून उघड झालेल्या प्रकरणांच्या तिपटीहून हे प्रमाण अधिक आहे. माहिती देणाऱ्यांत निम्म्याहून अधिक संघटनेचेच कर्मचारी होते. प्रशिक्षित कर्मचारी अधिकृत मार्गाने माहिती देण्याची शक्यता अधिक असते, असेही या संघटनेच्या अहवालांत दिसून आले आहे. म्हणजे प्रशिक्षण निरर्थक नाही. गुन्हेगाराला परावृत्त करण्यात ते दुबळे आहे. साक्षीदाराला बोलते करण्यात ते समर्थ ठरू शकते.

परंतु बोलते करणे ही मोठी जबाबदारी आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील अभियंता सत्येंद्र दुबे यांनी सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातील गैरव्यवहारांची माहिती वरिष्ठ पातळीवर कळविली होती. २७ नोव्हेंबर २००३ रोजी त्यांची हत्या झाली. त्यानंतर २००४ साली केंद्र शासनाने माहिती देणाऱ्यांच्या संरक्षणासाठी ठराव केला आणि केंद्रीय दक्षता आयोगाकडे ते काम सोपविले. २०१४ साली स्वतंत्र संरक्षण अधिनियम संमत झाला, परंतु तो प्रत्यक्ष अमलात येण्याची प्रतीक्षा पुढे वर्षानुवर्षे करावी लागली. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १७७ नुसार सूचीबद्ध व काही अन्य कंपन्यांना दक्षता यंत्रणा ठेवणे बंधनकारक आहे. अशा यंत्रणेत माहिती देणाऱ्याचा छळ होऊ नये आणि त्याला प्रसंगी लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाता यावे, अशी अपेक्षा आहे.

‘शंका आल्यास कळवा’ एवढेच शिकविणारे आणि कळविल्यानंतर काय होते यावर मौन बाळगणारे प्रशिक्षण अर्धवट तर आहेच, ते काहीसे बेजबाबदारही आहे. कर्मचाऱ्याला पुढील गोष्टी नेमक्या माहीत असावयास हव्यात : तक्रार कोणाच्या हाती पडते, नाव किती जणांना कळते, तक्रार वरिष्ठाविरुद्ध असेल तर पर्यायी मार्ग कोणता, आणि तोंडी आदेश मिळाल्यास तो लेखी टिपणीत कसा नोंदवावा. यांपैकी शेवटचे कौशल्य दिसावयास क्षुल्लक आहे. ‘आपल्या तोंडी सूचनेनुसार’ अशा प्रारंभाने लिहिलेली एक ओळ फाइलवर उमटली, की आदेश देणाऱ्यालाही पुनर्विचार करावा लागतो. अशी ओळ नम्रतेने आणि निर्दोषपणे कशी लिहावी, हे शिकविणारे सत्र मात्र अभ्यासक्रमांत क्वचितच आढळते.

वाणिज्य महाविद्यालयांचा संबंध

या चर्चेचा महाविद्यालयांशी जवळचा संबंध आहे. काउंटरवर बसणारा, संशयास्पद व्यवहाराचा अहवाल भरणारा, समवर्ती लेखापरीक्षकाचा साहाय्यक म्हणून काम करणारा तरुण हा बहुतेक वेळा जिल्ह्याच्या वा तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातून आलेला असतो. लेखापरीक्षण हा विषय त्याने व्याख्या, फायदे आणि मर्यादा या क्रमाने पाठ केलेला असतो. अपहार आणि चूक यांतील भेद त्याला पाच गुणांसाठी लिहिता येतो. परंतु एखाद्या प्रत्यक्ष ताळेबंदावर बोट ठेवून ‘हा आकडा येथे कसा?’ असे विचारण्याचा सराव त्याला मिळालेला नसतो. वरिष्ठाला प्रश्न विचारणे हे उद्धटपणाचे नसून कर्तव्याचे लक्षण असू शकते, ही जाणीव तर पाठ्यपुस्तकातून येत नाही. ती वर्गातील वातावरणातून येते.

अलीकडे अनेक महाविद्यालयांत अल्पमुदतीचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू झाले आहेत. त्यांत या विषयाला स्थान देता येईल. अट इतकीच की, त्यांनी व्यावसायिक प्रशिक्षणाची नक्कल करू नये. न्यायनिवाडे, सार्वजनिकरीत्या उपलब्ध असलेले नियामकांचे आदेश आणि स्थानिक पतसंस्थांचे प्रसिद्ध अहवाल वाचावयास लावणारा अभ्यासक्रम अधिक उपयुक्त ठरेल. याशिवाय महाविद्यालय हीदेखील एक संघटना आहे. तेथील खरेदी समिती, शुल्काच्या पावत्या, कार्यक्रमांचे जमाखर्च आणि दरपत्रकांची तुलना यांतून विद्यार्थी आपले पहिले अलेखी प्रशिक्षण घेत असतो. ते कोणत्या प्रकारचे असावे, हा निर्णय प्राध्यापकांच्या हाती बऱ्याच अंशी आहे.

निष्कर्ष

संघटनांतर्गत भ्रष्टाचार-प्रतिबंधाचे व्यावसायिक प्रशिक्षण हे आज मुख्यतः कायदेशीर बचावाच्या गरजेतून आकाराला आले आहे. त्यामुळे त्याचा कल पुरावा निर्माण करण्याकडे अधिक आणि प्रतिबंधाकडे कमी राहिला आहे. त्याचा आशय एकट्या अपहारकर्त्याभोवती फिरतो, तर मोठे आर्थिक गुन्हे संघटनेच्या शिखरावरून व सामूहिक मौनातून घडताना दिसतात. त्याचा रोख कनिष्ठांकडे आहे, तर निर्णय वरिष्ठांचे असतात.

या विवेचनावरून प्रशिक्षण सोडून द्यावे, असा अर्थ निघत नाही. त्याचा क्रम आणि कसोटी बदलावी, असा निघतो. संचालक व वरिष्ठ अधिकारी यांचे प्रशिक्षण प्रथम व्हावे. त्यात त्यांच्याच संस्थेच्या लेखापरीक्षण अहवालातील आक्षेप अभ्यासाला घ्यावेत. कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात लक्षणांच्या तक्त्यांइतकाच वेळ नोंद करण्याच्या, नकार देण्याच्या आणि सुरक्षितपणे कळविण्याच्या पद्धतींना द्यावा. बदली, सक्तीची रजा आणि प्रणालींची जोडणी या रचनात्मक उपायांना प्रशिक्षण हा पर्याय मानू नये. आणि यशाचे माप हजेरीच्या टक्केवारीत न शोधता, वर्षभरात किती प्रश्न विचारले गेले, त्यांपैकी किती प्रश्न वरिष्ठांना विचारले गेले आणि विचारणाऱ्यांचे पुढे काय झाले, यात शोधावे. ज्या संस्थेला या तीन प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत, तिच्या कपाटातील प्रमाणपत्रांच्या संख्येवरून ठेवीदाराने निश्चिंत होण्याचे कारण नाही.